भांडुप आणि यंत्राचा वेग

मुंबईहून ठाणे-कल्याणच्या दिशेने लोहमार्ग न्यावा, ही कल्पना मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क यांना १८४३ साली भांडुपच्या मुक्कामी प्रथम सुचली, आणि दहाच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून निघालेली आगगाडी याच गावावरून ठाण्यास पोहोचली. यंत्राच्या वेगाशी भांडुपचा ऋणानुबंध इतका जुना आहे.

पुढे १९५५ साली शेजारच्या विक्रोळीत गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र सिद्ध केले. सरकारी कचेरीत कारकुनी हवी, तर मिनिटाला मराठीचे तीस किंवा इंग्रजीचे चाळीस शब्द उठवता आले पाहिजेत, हा दंडक त्या यंत्राच्या काळात रुजला. वेग उमेदवाराच्या बोटांत होता. फीत सुकली किंवा दांडी अडकली, तरी तेलपाणी करून यंत्र पूर्ववत चाले.

संगणकाने ही व्यवस्था पालटली. १९९५ च्या विंडोजला किमान ४ एमबी स्मृती पुरे. २००१ च्या एक्सपीला ६४, व्हिस्टाला ५१२, आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी, म्हणजे सव्वीस वर्षांत सहस्रपट! त्यामुळे स्थानकाबाहेरच्या दुकानात प्रवेशअर्जाची मुदत टळत असताना, कालपर्यंत सुरळीत चाललेला संगणक नवी प्रणाली चढवताच ‘हँग’ होतो, पडद्यावर निळे वर्तुळ फिरत राहते, आणि टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्कच्या रकान्यात शंभर टक्के दिसतात. बिघाड कशातच नसतो. नवी प्रणाली पडद्याआड फायलींची सूची करीत आणि सुरक्षेची तपासणी करीत असते, आणि जुन्या हार्ड डिस्कची फिरती तबकडी तो भार पेलू शकत नाही. ‘एसएसडी टाका, रॅम वाढवा’ हा कारागिराचा सल्ला रास्तच असतो. परंतु तो खर्च ग्राहकाच्या माथी येतो.

नवी प्रणाली न मानवल्यास जुनीकडे परतण्याची मुदत अवघी दहा दिवसांची असते, आणि त्यांतले पहिले काही दिवस तर या अंतर्गत आवराआवरीतच सरतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा धडधाकट असूनही असंख्य संगणक केवळ नव्या अटींत न बसल्याने निकालात निघाले. यंत्र ज्याने स्वकष्टाच्या पैशाने घेतले, त्याला बदलाचा परिणाम आधी स्पष्ट सांगावा आणि परतीची वाट निदान सहा महिने खुली ठेवावी, एवढी मागणी न्याय्य आहे. आणि जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढवणारा गल्लीतला कारागीर समाजाच्या आदरास पात्र आहे.