पैसेवारीत न मावणारी भाकर

नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या, लातूर जिल्ह्यातल्या डोंगरी जळकोट तालुक्यात दुष्काळ पडला की नाही, हे वर्षानुवर्षे पैसेवारीने ठरले. पीक कापायचे, वजन करायचे, प्रमाण उत्पन्नाशी ताडायचे. ५० पैशांच्या आत आले की गाव टंचाईग्रस्त. सारा माफ करायचा की नाही, एवढ्यापुरते हे माप रास्तच होते. पण त्यावरून कोणाच्या घरी चूल पेटेल हेही ठरवले गेले, तिथे घोटाळा झाला. पैसेवारी शेत मोजते. माणूस भाकर कशाच्या बळावर मिळवतो, ते तिला दिसत नाही. १९७२च्या दुष्काळात हे उघड झाले. मे १९७३मध्ये राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसे खडी फोडायला, बांध घालायला दुष्काळी कामांवर होती, कारण पिकाबरोबर मजुरीही बुडाली होती. अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली: उपासमार धान्याच्या तुटवड्यापेक्षा ते मिळवण्याची ऐपत गेल्याने होते. म्हणून नकाशा हवा तो पिकांचा नव्हे, पोट भरण्याच्या वाटांचा.

जळकोटात तो काढला तर एकाच गावात तीन दुनिया निघतील. तिरू नदीकाठचा बागायतदार, माळावर हलक्या रानात सोयाबीन-तूर घेणारा कोरडवाहू, आणि मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा कोयता उचलणारा तांड्यावरचा मजूर. या तिसऱ्याचे वर्ष जळकोटच्या पावसावर नव्हे, तर तो जाईल त्या कारखान्याच्या उसावर ठरते. तिकडचा हंगाम लवकर आटोपला, तर उचल फिटत नाही आणि पुढचे वर्ष गहाण पडते. गावची पैसेवारी मात्र ६० असू शकते. कोरडवाहूचेही गणित बदलले आहे. पूर्वी ज्वारीने कणगी भरायची, जनावरांना कडबा व्हायचा, मजुराला धान्यात मजुरी मिळायची. सोयाबीन खाऊन पोट भरत नाही. घरातली भाकर आता अडतीतल्या भावावर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, रेशन आहे ना? आहे, आणि त्याने मोठा आधार दिला आहे. पण डाळ, तेल, भाजी विकतच घ्यावी लागते. शिवाय मराठवाड्यातल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५पासून मिळणाऱ्या स्वस्त धान्याऐवजी २०२३मध्ये माणशी महिना १५० रुपये देण्याचे ठरले, म्हणजे तेही पुन्हा बाजारभावावर आले. दुसरा आक्षेप खर्चाचा: घरोघरी कोण फिरणार, आणि दरवर्षी बदलणाऱ्या गोष्टी नोंदवून काय उपयोग? पण घरोघरी फिरायची गरजच नाही. कोणत्या वस्तीत कोणत्या महिन्यात काय कमावतात, काय विकत घेतात, हे महसूल मंडळनिहाय नोंदले तरी पुरते. आणि या वाटा भावांसारख्या रोज बदलत नाहीत. हाच मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना अर्थतज्ज्ञ केशव अय्यंगार यांनी १९२९-३०मध्ये खेड्यांची आर्थिक पाहणी केली होती, तीही आजच्या साधनांच्या तुलनेत जवळपास रिकाम्या हातांनी.