आजाऱ्याची विचारपूस आणि दवाखान्याचा जन्म

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरीला फ्री मेथडिस्ट मिशनने दवाखाना उभारला. मिशनच्या दवाखान्यांविषयी आपल्या लोकांत दोन मतं ऐकू येतात. कुणी म्हणतं, तिथे माणसासारखं वागवतात. कुणी म्हणतं, सेवा हा बहाणा, खरा हेतू धर्मांतराचा. नियतीचा हिशेब अल्लाहवर सोडू. पण ही परंपरा आली कुठून, हे मला आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं, कारण तिचा एक धागा आपल्या घरात येतो.

रोमन साम्राज्यात नामवंत वैद्य होते. सैनिकांसाठी छावणीत दवाखानेही होते. पण परक्या, गरीब आजाऱ्याला ठेवून घेणारी जागा नव्हती. इ.स. 250 नंतर साम्राज्यात महामारी पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस पत्रात लिहितो, की ख्रिस्ती लोक रोग्यांजवळ थांबले आणि कित्येक त्यातच मेले. इतरांनी मात्र आपल्या माणसांना रस्त्यावर टाकलं. आपल्या लोकांबद्दल तो झुकतं माप देत असेलही. पण पुढची साक्ष विरोधकाची आहे. ख्रिस्ती धर्म सोडलेला सम्राट ज्युलियन 362 मध्ये आपल्या पुजाऱ्याला लिहितो, की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, मृतांची काळजी घेतात. आपणही धर्मशाळा बांधा.

370 च्या सुमारास बिशप बेसिलने कैसरिया (आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी) शहराबाहेर अशी वसाहत उभारली. तिथे वैद्य होते, सेवक होते आणि गावाने हाकललेल्या कुष्ठरोग्यांनाही जागा होती. नुसती दुआ नव्हती, औषधही होतं. वैद्यक ही देवाचीच देणगी, असं बेसिलचं म्हणणं होतं.

यामागची शिकवण आपल्याला अनोळखी नाही. मत्तयच्या शुभवर्तमानानुसार आजाऱ्याला भेटणं म्हणजे प्रभूलाच भेटणं. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसे कुदसीतही कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला नेमका हाच जाब विचारतो. आपण इयादतीला सुन्नत म्हणतो, ते उगाच नाही.

विद्येचा प्रवासही असाच आहे. जालीनूसचे, म्हणजे गॅलेनचे, ग्रंथ बगदादमध्ये सिरियाक आणि अरबी भाषेत आणणारा हुनैन इब्न इसहाक (मृत्यू 873) ख्रिस्ती होता. आपण ज्याला यूनानी इलाज म्हणतो, त्याची पायाभरणी अशा भाषांतरांनी झाली. पुढे मुस्लिम राजवटींनी बीमारिस्तान बांधले. कैरोत 1284 मध्ये सुलतान कलावूनने वक्फ करून उभारलेला दवाखाना गरीब-श्रीमंत सर्वांना खुला होता.

म्हणून सेवा कुणा एका धर्माची मिरास नाही, आणि ती दुसऱ्याने केली म्हणून संशयास्पदही ठरत नाही. 2020 मध्ये आपल्या वऱ्हाडात, अकोल्याला, कच्छी मेमन जमातीच्या लोकांनी कोरोनाने गेलेल्या हिंदूंचेही अंत्यसंस्कार केले. तेव्हा त्यांचा हेतू कुणी विचारला असता, तर आपल्याला कसं वाटलं असतं? दुसऱ्याच्या सेवेकडे बघताना तेवढंच आठवावं.