एकवीस सोंगट्या, एकवीस वाटण्या

दोन फासे एकदम टाकले तर ठिपक्यांच्या किती जोड्या मिळतात? वर्गात विचारले तर बहुतेक मुले ३६ म्हणतात. पण २-५ आणि ५-२ यांत फरक करायचा नाही असे ठरवले, तर सारख्या अंकांच्या ६ आणि वेगळ्या अंकांच्या १५ अशा २१ जोड्याच उरतात. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात (९६० ते १२७९) या २१ जोड्या सोंगट्यांवर कोरल्या जाऊ लागल्या. सोंगट्या फाशांवरून आल्या असल्यामुळे त्यांत कोरे घर नाही. पुढे रूढ झालेल्या संचात ११ जोड्यांच्या दोन-दोन आणि १० जोड्यांची एकेक, अशा ३२ सोंगट्या असतात.

या सोंगट्यांचा एक खेळ म्हणजे पै गाऊ. कँटनी बोलीत 'गाऊ' म्हणजे नऊ. प्रत्येकाला चार सोंगट्या मिळतात आणि त्यांचे दोन-दोनचे दोन भाग करायचे असतात. भागातील ठिपक्यांची बेरीज करून फक्त एकक स्थानचा अंक धरायचा. म्हणजे ९ सर्वांत मोठा. समजा, ११, ९, ५ आणि ४ ठिपक्यांच्या सोंगट्या आल्या. वाटणी तीनच प्रकारे होऊ शकते. त्यातून ० आणि ९, ६ आणि ३, किंवा ५ आणि ४ असे अंक मिळतात. तिन्ही वेळा बेरीज ९ का येते, हे मुलांनाच शोधू द्यावे. (एकूण ठिपके २९ आहेत, एवढी खूण पुरे.) जिंकायचे तर आपला लहान भाग बँकरच्या लहान भागापेक्षा आणि मोठा भाग मोठ्यापेक्षा सरस हवा. एकच सरस ठरला तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणून सगळे बळ एकीकडे लावून भागत नाही.

१८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतातून हजारो लोक कॅलिफोर्नियात गेले. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. या लोकांबरोबर गेलेला पै गाऊ त्यांच्या वस्त्यांत टिकून राहिला. बाहेरच्यांना मात्र तो अवघड वाटे, कारण काही खास जोड्यांची प्रतवारी ठिपक्यांवरून कळत नाही. सर्वांत वरची जोडी ३ आणि ६ ठिपक्यांची आहे. दोन '६-६' सोंगट्यांची जोडी तिच्या खाली येते!

१९८५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या बेल गावातील पत्त्यांच्या क्लबाचे सॅम टोरोसियन यांनी यावर तोड काढली. फिलिपिनो लोकांत तेरा पानांचे तीन भाग करण्याचा 'पुसॉय' नावाचा खेळ आहे. त्याविषयी एका वृद्ध गिऱ्हाइकाकडून आपण ऐकले, असे टोरोसियन सांगत. त्यांनी पाने सातवर आणली, ५२ पानांत एक जोकर घातला आणि पै गाऊचे दोन भाग ठेवले: एक पाच पानांचा, एक दोन पानांचा. हाच पै गाऊ पोकर.

खेळ शिकणे म्हणजे वाटणी शिकणे. नियम एकच, पाचांचा भाग दोनांच्या भागापेक्षा वरचढ हवा. दोन राजे, दोन चौकड्या, एक्का, नव्वी आणि दुर्री आली असे समजू. राजे दोनांच्या भागात ठेवले तर मागे चौकड्यांचीच जोडी उरते आणि नियम मोडतो. चौकड्या पुढे ठेवून राजे मागे ठेवता येतात.

सातातून दोन पाने निवडण्याचे प्रकार किती? पुन्हा २१! हा निव्वळ योगायोग नाही. फाशांच्या जोडीत लहान अंक आधी लिहा आणि दुसऱ्या अंकात १ मिळवा. ४-४ चे ४-५ होते, २-५ चे २-६. अशा रीतीने १ ते ७ मधील दोन भिन्न अंकांची प्रत्येक जोडी नेमकी एकदा मिळते.

मग नीट शिकले की जिंकता येते का? दोन्ही भाग एकमेकांशी संबंध नसलेले असते, तर निम्मे डाव बरोबरीत सुटले असते. पण चांगली सात पाने दोन्ही भागांना बळ देतात, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ४१ टक्केच सुटतात. त्यामुळे पैसे हळू जातात आणि खेळणारा बराच वेळ बसून राहतो. कॅसिनो जिंकलेल्या रकमेतून साधारण ५ टक्के कापून घेतो. शंभर-शंभर रुपयांचे ५० डाव जिंकले आणि ५० हरले, तर मिळतात ४,७५० आणि जातात ५,०००. शिवाय एखादा भाग अगदी सारखा निघाला तर तो बँकरचा धरतात. कौशल्याने तोटा कमी होतो, संपत नाही.

पत्त्यांच्या खेळाला पेटंट मिळत नाही, असा चुकीचा सल्ला मिळाल्यामुळे टोरोसियन यांनी ते घेतले नाही. त्यांचा खेळ जगभरच्या कॅसिनोंत गेला. पेटंटाचे उत्पन्न त्यांना मिळाले नाही.

आपण हा खेळ वर्गात चिंचोक्यांवर खेळून पाहावा. शंभर डावांत बरोबरीत किती सुटले याची नोंद ठेवावी आणि प्रत्येक विजयावर वीस चिंचोक्यांतला एक शिक्षकांनी काढून घ्यावा. तास संपताना डबा कोणाचा भरला, हे मुले स्वतःच मोजतील.