सलोतरी, नालबंद आणि मुक्या जनावरांचा दवा

'सलोतरी' हा शब्द आता क्वचितच कानी पडतो. अश्वशास्त्राचा आद्य आचार्य शालिहोत्र. त्याच्या नावावरून फारसीत 'सालोतर' झाले आणि जनावरांचा वैद्य तो सलोतरी. शहाजहानच्या कारकिर्दीत अब्दुल्लाखान फिरोजजंग याने संस्कृतावरून फारसी सालोतर सिद्ध करविला. त्याचे इंग्रजी भाषांतर १७८८ साली कलकत्त्यात छापले गेले. पण हा ग्रंथ सरदारांच्या पागेतल्या घोड्यांचा. कुणब्याच्या बैलाचा आणि धनगराच्या मेंढराचा ग्रंथ मात्र कुणी लिहिला नाही. तो या तोंडातून त्या कानात जात राहिला.

सातारा आणि सांगली हे १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग. माण, खटाव, आटपाडी, जत हा त्यातला दुष्काळी पट्टा खिलार जनावरांचे माहेर. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत आजही खिलारांचा बाजार भरतो. इथे दवाखाना दूर आणि झाड जवळ. जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरायचा. पोट फुगले की तेलात हिंग-ओवा घालून पाजायचा. हगवणीला बाभळीच्या सालीचा काढा, जंतांवर पळसाचे बी, खरजेला करंजाचे तेल, मोडलेल्या हाडावर कांडवेल. बेंदराच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी म्हणजे सण खराच. पण जू ओढून सोललेल्या खांद्यावर हळद-तेल चोळणे हा इलाजही आहे.

या इलाजात आमच्या समाजाचाही वाटा आहे. बैलांना पत्री मारणारा नालबंद खुरावरून लंगडण्याचे कारण ओळखी. डिकेमाली, हिंग, ओवा अत्ताराच्या दुकानातून येई. बैल कुणाच्या दावणीचा, हे औषध देणारा विचारीत नसे.

मात्र गतकाळाची नुसती आरती ओवाळणे आम्हांस मान्य नाही. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे होत. तिथे झाडपाला हरला. गरम सळईने डागणे हा तर निव्वळ छळ होता. मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, पुढे लसी आल्या, आणि २०११ साली बुळकांडी जगातूनच हटल्याचे जाहीर झाले. हे श्रेय विज्ञानाचे. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत यांना आजही लसच हवी.

पण झाडपाल्याची कदरही विज्ञानच करते. दगडी झालेल्या कासेवर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आज सुचवते. दुधात प्रतिजैविके उतरू नयेत, हा त्यामागचा एक हेतू.

आणखी एक धडा हळदीनेच शिकवला. जखम भरण्याच्या तिच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. भारताने ते १९९७ मध्ये रद्द करविले, ते जुन्या छापील दाखल्यांच्या जोरावर. सांगली ही हळदीची पेठ, इथल्या घराघरांत हा गुण ठाऊक. पण निकाल लागला तो कागदावर. मग जे कागदावर नाहीच, त्याचे काय? कोणता पाला, किती, कोणत्या दुखण्यात आणि कोणत्या दुखण्यात मुळीच नाही, हे म्हाताऱ्या धनगराला आणि नालबंदाला ठाऊक आहे. शिरवळला १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि आमच्या शिकल्या-सवरल्या मुलांनी वही-पेन घेऊन या माणसांपुढे बसावे. सालोतराला तीन भाषा लाभल्या. या ज्ञानाला निदान एक मराठी वही तरी लाभो.