डिकीची खडखड : दोष सबवूफरचा नव्हे, सैल पत्र्याचा

मोटारीत मोठा सबवूफर बसविल्यानंतर थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. आत बसलेल्यांना ताल दमदार वाटतो. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानी मात्र गाण्याऐवजी डिकीची खडखडच पडते.

सबवूफर प्रामुख्याने २० ते ८० हर्ट्झ या पट्ट्यातील खर्ज वाजवितो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे सात मीटर, म्हणजे बहुतेक मोटारींहून अधिक असते. ही लहर गाडीत मावतच नाही. त्यामुळे आतील साऱ्या हवेचा दाब एकाच वेळी वाढतो आणि उतरतो. सेकंदाला पन्नास वेळा पत्रा बाहेर ढकलला जातो व आत ओढला जातो. हा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. त्याची स्वतःची कंपनसंख्या गाण्यातील खर्जाशी जुळली की अनुनाद होतो आणि पत्रा स्वतःच वाजू लागतो.

येथे थरथर आणि खडखड यांत भेद करावा लागतो. मोकळा पत्रा थरथरतो. दोन सैल भाग एकमेकांवर आपटले की खडखड होते. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. हा भेद लक्षात न घेता अनेकजण संपूर्ण डिकीला महागडे थर चिकटवून घेतात आणि आवाज जिथल्या तिथेच राहतो.

म्हणून आधी शोध घ्यावा. स्टेपनी, जॅक, पाने असे सारे सामान बाहेर काढावे. एकाने २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावावा आणि दुसऱ्याने बाहेरून एकेक भाग तळहाताने दाबून पाहावा. जेथे दाब देताच आवाज थांबतो, तेथेच दोष असतो. नंबरप्लेट, मागील काचेखालची फळी, डिकीचे कुलूप, स्पॉइलर आणि आतील प्लास्टिकमागे लोंबकळणाऱ्या तारा हे नेहमीचे संशयित.

नंबरप्लेटमागे फोमची पातळ पट्टी सरकविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. तिचे कुलूप तोडल्याशिवाय निघत नाही, तेव्हा पट्टी कडेनेच सारावी. डिकीचे झाकण सैल बसत असेल, तर कडेची रबरी बटणे अनेक गाड्यांत फिरवून थोडी वर घेता येतात. तारांना फोम गुंडाळावा. सबवूफरची पेटीही बोल्टने घट्ट आवळलेली हवी.

थरथरीवर ब्युटाइल रबराचे थर उपयोगी पडतात. पत्रा आणि वरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा यांच्यामध्ये हे चिकट रबर ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा उष्णतेत विरते. म्हणूनच पत्रा पूर्ण झाकण्याची गरज नसते. मधला पाव ते निम्मा भाग झाकला तरी बराचसा लाभ मिळतो. झाकणावर अति वजन चढविल्यास ते वर टिकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. चिकटविण्यापूर्वी पत्रा स्पिरिटने पुसावा आणि थर रोलरने दाबून बसवावा. गच्चीच्या गळतीसाठी वापरतात ते डांबरी थर स्वस्त पडतात खरे, पण एप्रिल-मेच्या उन्हात ते मऊ होऊन ओघळतात आणि गाडीत वास भरून राहतो.

ॲम्प्लिफायरची मांडणीही तपासावी. बास बूस्ट कमी करणे आणि ऐकूच न येणारे अतिखर्ज गाळणारा फिल्टर चालू करणे, याला एक पैसाही लागत नाही.

या उपायांनी खडखड थांबते, खर्ज अडत नाही. तो शेजाऱ्यांच्या घरात पोहोचतोच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

गोव्यात आणखी एक खबरदारी अटळ ठरते. डिकीच्या तळाशी व कडांना पाणी निचरण्याची छिद्रे असतात. थर चिकटविताना ती बुजली तर पावसाळ्यात पाणी आत साचते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून गंजू लागतो. थराखालचा गंज वरून दिसत नाही. त्यामुळे काम पूर्ण झाल्यावर डिकीच्या कडेने तांब्याभर पाणी ओतून ते खाली उतरते की नाही, हे कारागिरासमोरच पाहून घ्यावे.