पाळण्याशेजारची बाटली

तान्हें मूल रात्रीं पाय पोटाशीं आवळून रडूं लागलें, म्हणजे महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप लागे आणि ओव्याच्या पुरचुंडीनें पोट शेकलें जाई. पुढें या उपचारांच्या पंक्तीला एक काचेची बाटली येऊन बसली. ग्राइप वॉटर हें तिचें नांव. ‘ग्राइप’ म्हणजे पोटांतील मुरडा. रडणारें मूल गप्प झालें म्हणजे तें बरें झालें काय, हा प्रश्न या बाटलीच्या इतिहासांत आरंभापासून दडलेला आहे.

तिचा इतिहास इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहराशीं निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हें शहर लेसच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध होतें. लेसच्या कामावर पोट भरणाऱ्या स्त्रियांना हातचें काम टाकून मुलाजवळ बसणें परवडत नसे. मूल निजून राहावें म्हणून त्या ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नांवाचें गोड औषध त्याला पाजीत. त्यांत अफू असे. बालकामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाच्या १८४३ च्या अहवालांत या चालीचें वर्णन आहे. मूल झोपे, त्याची भूकहि झोपे. आणि कित्येक मुलें त्या झोपेंतून पुन्हां जागीं झालींच नाहींत. मुंबईकरांनीं मात्र यावरून इंग्लंडला नांवें ठेवूं नयेत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी बायकाहि कामावर जातांना तान्ह्यांना ‘बाळगोळी’ देत, आणि त्या गोळींतहि अफूच असे.

अशा काळांत, १८५१ सालीं, विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्यानें ग्राइप वॉटर तयार केलें. इंग्लंडच्या पूर्व भागांतील दलदलीच्या प्रदेशांत हिंवतापी मुलांना दिल्या जाणाऱ्या औषधानें त्यांच्या पोटालाहि आराम पडतो, असें तेथील डॉक्टरांना आढळलें होतें. तोच पाठ वुडवर्डनें उचलला, असें सांगतात. १८७६ सालीं त्यानें हें नांव नोंदवून घेतलें. बाळंतशेपांचें तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि मद्यार्क हे त्यांतील घटक होत. बाळंतशेपा तर मराठी बाळंतिणीच्या ओळखीचाच! अफू त्यांत नव्हती, हा त्या काळीं लहानसहान लाभ नव्हे.

परंतु आराम पडे तो कशानें? सोड्याचा जठरांतील आम्लाशीं संयोग झाला म्हणजे कार्बन डायॉक्साइड वायु उत्पन्न होतो. म्हणजे वायु घालविण्यासाठीं दिलेलें औषध स्वतःच थोडा वायु निर्माण करी. ढेकर आली कीं गुण आला असें वाटे. साखरेच्या गोडीनें तान्हें मूल क्षणभर शांत होतें, हें तर प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. आणि मद्यार्काचें प्रमाण होतें शेंकडा ३·६, म्हणजे सौम्य बिअरइतकें. ब्रिटनमध्यें तो या औषधांतून निघावयास १९९२ साल उजाडलें.

दरम्यान नवें औषध आलें. गुरांच्या पोटफुगीवर सिलिकोन गुणकारी ठरतें, असे प्रयोग १९४९ सालीं प्रसिद्ध झाले. त्याच जातीचें सिमेथिकोन पुढें माणसांसाठीं आलें. तें वायु शोषून घेत नाहीं. फेंसाचे बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि वायूला बाहेर पडणें सोपें जातें. तान्ह्या मुलांच्या रडण्यावर त्याची परीक्षा अमेरिकेंत १९९४ सालीं ८३ मुलांवर झाली. औषध नसलेल्या थेंबांपेक्षां त्याचा गुण अधिक आढळला नाहीं.

यांत नवल नाहीं. हें रडणें बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोंचतें आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत आपोआप ओसरतें. त्या वेळीं हातांत जी बाटली असेल, तिच्या पदरांत यश पडतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००१ पासून पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधाचा पुरस्कार केला आहे. त्यांत वरच्या पाण्यालाहि जागा नाहीं.

नॉटिंगहॅमच्या आणि मुंबईच्या त्या माता निर्दय नव्हत्या. त्यांना उसंत हवी होती, आणि ती बाजारांत केवळ बाटलींतून वा गोळींतूनच मिळत होती. मध्यरात्रीं रडणारें मूल तासभर दुसऱ्या कोणीं खांद्यावर घेतलें, तर तीच उसंत त्या मातेला घरांतच, आणि मुलाला कांहींएक न पाजतां, मिळते.