मागील पानावरून पुढे

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने इतिहास लिहू नये असा काही कायदा नाही. तेव्हा भारतीय फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा इतिहास मी लिहायला घेतला आहे, इतिहासवाल्यांनी क्षमा करावी. बँकेतल्या कारकुनाला इतिहास म्हणजे लेजर. पान संपलं की खाली बेरीज मारायची, 'पुढे नेले' असं लिहायचं आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' म्हणून तोच आकडा मांडायचा. एवढं केलं की जगबुडी झाली तरी हिशेब लागतो. आमच्या फुटबॉलवाल्यांचा खाक्या निराळा. पान संपलं की वहीच फेकायची आणि नवी कोरी वही आणून पहिल्या पानावर 'श्री' काढायचा!

पिंपळगाव राजाला राहून मी हे का लिहावं, असं कुणी विचारील. कोलकाता आणि मुंबई ही फुटबॉलची दोन जुनी तीर्थक्षेत्रं. त्यांना जोडणारी रेल्वे आमच्या नांदुऱ्यावरून जाते. म्हणजे तत्त्वतः आम्ही फुटबॉलच्या हमरस्त्यावर आहोत. फक्त फुटबॉल इथे थांबत नाही.

इंग्रजांची लीग १८८८ साली सुरू झाली. आपला अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ चा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर, त्यांच्याच घरी, तीन गोल चढवले. १९६२ साली जकार्ताला एशियाडचं सुवर्णपदक आणलं. आणि राष्ट्रीय लीग कधी सुरू झाली? डिसेंबर १९९६ मध्ये! म्हणजे मुलाने नंबर काढले, पदक आणलं, त्याचे केस पिकले, आणि मग घरच्यांना आठवलं की अरे, याला शाळेत घालायचं राहिलंच की!

असो. मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होतो. पहिली लीग जिंकली फगवाड्याच्या जेसीटीने. हा कापडगिरणीचा संघ. आमचा मुलूख कपाशीचा, त्यामुळे मला उगाच वाटलं की यात आपलंही बोंडभर योगदान असणार. (खामगावच्या बाजारातला कापूस कुठकुठे जातो हे कोणी सांगावं?) या गिरणीने २०११ साली संघ गुंडाळला.

पण माझा खरा जीव जडला तो महिंद्र युनायटेडवर. मुंबईचा संघ, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा. २००५-०६ च्या हंगामात या पठ्ठ्यांनी फेडरेशन चषकही जिंकला आणि राष्ट्रीय लीगही. बँकेत लागून मला फार दिवस झाले नव्हते. मी पेढे वाटले. हेडकॅशिअर म्हणाले, "मुलगा झाला का? लग्न तर झालेलं नाही तुमचं!" मी खुलासा केला. त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला नाही, एवढंच त्यांचं क्रीडाप्रेम.

चार वर्षांनी, २०१० साली, महिंद्र युनायटेड बंद झाला. हरला नाही, खाली घसरला नाही, नुसता बंद झाला. आमच्याकडे साधं बचत खातं बंद करायचं तर अर्ज, सही, उरलेले चेक आणि पासबुक परत द्यावं लागतं. इथे हजारो लोकांचा जीव ज्यात ठेव म्हणून होता ते खातं बंद झालं आणि ठेवीदारांना एक पोस्टकार्ड नाही.

मग मी पुण्याकडे वळलो. पुणे एफसी २०१५ ला गेला. भारत एफसी आला आणि एका हंगामात गेला. डीएसके शिवाजियन्सने दोन हंगाम काढले. मुंबई एफसी २०१७ ला तळाशी जाऊन आटोपला. एफसी पुणे सिटी तर २०१९ मध्ये हैदराबादी झाला. महाराष्ट्रातल्या क्लबांना जीव लावणं आणि कोरडवाहूत पेरणी करणं यांत मला फरक दिसेना. पेरणीला निदान पीकविमा असतो.

मधल्या काळात लीगने नावही बदललं. २००७ मध्ये ती आय-लीग झाली. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी करार केला: रक्कम ७०० कोटी, मुदत १५ वर्षं. त्यातून २०१४ साली आठ संघांची इंडियन सुपर लीग निघाली. एका घरात दोन चुली पेटल्या. नव्या चुलीला झगमगाट, जुन्या चुलीला धूर. आणि नव्या लीगमध्ये शेवटच्याला खाली ढकलायची भानगडच नव्हती. नापास न करता वर्गात ठेवायचं धोरण आपण शाळांच्याही पुढे नेलं.

याच काळात मिझोरामच्या आयझॉल एफसीची गोष्ट घडली. २०१५-१६ ला हा संघ आय-लीगमधून खाली गेला. पण गोव्याच्या क्लबांनी रागारागाने अंग काढून घेतलं, जागा रिकामी झाली, आणि आयझॉलला परत बोलावलं. पंगतीत पान वाढून झालं आणि जेवणारा उठून गेला, म्हणून दारातल्या माणसाला बसवावं तसं. त्या माणसाने काय केलं? २०१७ मध्ये लीगच जिंकली! डोंगरातल्या छोट्या शहराचा संघ, देशाचा विजेता! मी त्या रात्री मिझोरामी होतो. पण वरच्या लीगचं दार काही त्यांना उघडलं नाही. २०१९ मध्ये सुपर लीग ही अधिकृतपणे पहिल्या दर्जाची ठरली आणि आय-लीग दुसऱ्या.

महासंघाचे अध्यक्ष बरीच वर्षं गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते, म्हणजे आमच्या विदर्भाचेच. याचा मला अभिमान वाटायचा की संकोच, हे दर हंगामाला बदलायचं. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, तेव्हा मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना दूर करून प्रशासक बसवले. तर ऑगस्टमध्ये फिफाने बाहेरचा हस्तक्षेप म्हणून देशालाच निलंबित केलं. अकराएक दिवसांनी ते उठलं.

आणि ती १५ वर्षांची मुदत? ती ८ डिसेंबर २०२५ ला भरत होती. मुदत ठेव भरायच्या आधी आम्ही खातेदाराला कळवतो, बाबा रे, नूतनीकरण करायचं की पैसे उचलायचे? इथे जुलै २०२५ मध्ये हंगामच थांबवून ठेवला. पगाराचं काय, या काळजीत खेळाडू. माझा मुलगा आठवीत. त्याला मी म्हटलं, "अरे, आपल्या देशातला एखादा क्लब धर की!" त्याच्या अंगात मँचेस्टर युनायटेडचा शर्ट होता. तो म्हणाला, "बाबा, धरला असता. पण तो पुढच्या वर्षी असेल का?" हा मँचेस्टरवाला क्लब १८७८ साली रेल्वेच्या कामगारांनी काढलेला. रेल्वे तर आमच्या नांदुऱ्यालाही आहे, हे उत्तर मला सुचलं, पण दिलं नाही.

ऑक्टोबरात महासंघाने लीग चालवायला टेंडर काढलं. नोव्हेंबरात मुदत संपली. एकही बोली आली नाही. पेपरातली ती बातमी मी काउंटरवर मोठ्याने वाचली. आमचा शिपाई चहाचे कप गोळा करत होता. तो थबकला.

"एकबी नाही?"

"एकही नाही."

"काहून बाप्पा? आपल्या गावच्या कोंडवाड्याच्या हर्रासालेबी दोन मान्सं येतात!"